जावयाला धक्का मारायचा कसा

"धक्का मार! अरे रूपजी, बघतोस काय, खांद्याने धक्का मार त्याला!"

ओरडत होतो मी. आणि माझं ओरडणं म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच ठाऊक. त्या एका आरोळीने घोलवडच्या वाड्यांमधले पिकायला टेकलेले चिकू झाडावरच पिकले, आणि वरोरच्या समुद्रात गेलेल्या दोन होड्या, गावात काहीतरी विपरीत झालं असं समजून, जाळी तशीच टाकून किनाऱ्याकडे वळल्या. समोर भात कापून मोकळं झालेलं शेत होतं. शेताच्या मधोमध आमचा रूपजी. आणि त्याच्या अंगावर बॉल घेऊन सुसाट येणारा, तलासरीच्या संघाचा कप्तान सुनील.

रूपजीने त्याला येताना पाहिलं. डोक्यावरची टोपी सारखी केली. आणि रस्त्यात एसटी आली की बाजूला होतात तसा तो अदबीने बाजूला झाला.

"जावाय हाय माझा, दादा," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "जावयाला धक्का कसा मारायचा?"

बरं, सुनीलने तरी पुढे जावं! तोही थांबला. सासऱ्यासमोरून असं मुसंडी मारून जाणं बरं दिसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"मामा, जाऊ का मी?"

"जा की बाबा. जा, जा."

"नको, तुम्हीच घ्या." आणि त्याने बॉल सासऱ्याच्या हातात दिला.

"छे छे, तू आणलास एवढ्या लांबून. तूच ने."

गोलाच्या खांबाशी पांढरा कोट घालून उभे असलेले बाबूभाई पोट धरून खाली बसले. "नरेशभाई!" ते शेताच्या त्या टोकावरून ओरडले. "शूं वात करो छो! हा तुमचा आयर्लंडचा गेम? आमच्यात ह्याला पंगतीतला आग्रह म्हणतात. घ्या हो एक जिलबी, नको हो, अर्धी तरी घ्या!"

गेल्या मोसमातली ही गोष्ट. परवा सकाळी वाडीच्या कुंपणापलीकडे विळ्यांचा सरसर आवाज सुरू झाला, पाठोपाठ तो ओलसर, गोडसर पेंढ्याचा वास आला, आणि माझा डावा गुडघा आपण होऊन दुखायला लागला. माझ्या गुडघ्याला पंचांग कळतं. भात कापलं की आमच्या भागात जमीन अचानक मोठी होते. चार महिने जिथे हिरव्या भिंती असतात तिथे एका आठवड्यात डोळ्यांना धावायला जागा मिळते. बांध दिसायला लागतात, बांधापलीकडचा माणूस दिसायला लागतो, त्याच्या पलीकडची ताडाची रांग, तिच्यामागे डोंगरांची निळी रेघ. सकाळी दव इतकं, की अनवाणी चाललं तर पाय धुतल्यासारखे होतात. भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या रचून झालेल्या, वाल पेरून झालेले, आणि सगळ्यांच्या अंगात अजून कापणीची रग शिल्लक. अशा दिवसांत माणसाला काहीतरी लाथाडावंसं वाटतं. काही जण घरच्यांशी भांडतात. मी म्हणतो, फुटबॉल खेळा.

आता, फुटबॉल म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर जो येतो, तो हा नव्हे. माझा फुटबॉल गेलिक. आयर्लंडचा, तिथल्या गावागावांचा. ह्यात बॉल हातात धरता येतो, पायाने मारता येतो, मुठीने ठोसून दुसऱ्याला देता येतो. हातात घेऊन चारेक पावलं पळायचं, की तो जमिनीवर आपटायचा किंवा स्वतःच्याच पायाच्या चवड्यावर टाकून पुन्हा हातात घ्यायचा, आणि हे सगळं पळता पळता. गोलाचे खांब आडव्या दांडीच्या वर आणखी उंच गेलेले. दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. ज्याच्याकडे बॉल आहे त्याला खांद्याला खांदा भिडवून धक्का मारायला पूर्ण परवानगी. म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉल आणि गर्दीतून एसटीत चढणं, ह्या चार गोष्टींची खिचडी करून वर भरपूर चिखलाची फोडणी घाला, झाला गेलिक फुटबॉल.

ह्या खेळात मी अकरा वर्षं आयर्लंड गाजवलं. 'आयर्लंड' म्हणजे एका गावाच्या संघातून खेळलो, पण ते गाव आयर्लंडातच होतं, तेव्हा हिशेब एकच.

गेलो मात्र होतो बायकोचं सामान म्हणून. प्रतिभाला तिथल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. तिच्याबरोबर दोन बॅगा, लोणच्याची बरणी आणि मी. पश्चिमेकडचं गाव ते. पाऊस असा, की आपल्या पावसाला बिचाऱ्याला वर्षातून आठ महिने रजा असते, तिथला पाऊस कायम नोकरीत. मला झाडांच्या एका रोपवाटिकेत काम मिळालं. घोलवडला जन्म गेला तो चिकूची कलमं बांधण्यात, तेव्हा माती आणि मी, आमची ओळख करून द्यावी लागली नाही. रोपवाटिकेच्या कुंपणापलीकडे गावाचं मैदान होतं. एक दिवस मी वाकून कुंड्या भरत असताना आभाळातून काहीतरी पडतंय असं डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसलं. मी विचार केला नाही. हात वर गेले आणि तो बॉल माझ्या ओंजळीत असा उतरला, की आवाजही झाला नाही.

ह्यात माझी कर्तबगारी काही नाही. चिकू झाडावरून काढताना लांब काठीला लावलेल्या जाळीतून एखादं फळ निसटतंच. ते जमिनीवर पडलं की संपलं. वरून दिसायला छान, पण आतून मार बसलेला. खोक्यात गेलं की स्वतः सडतं आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जातं. म्हणून आमच्या घरात पोर चालायला लागलं की त्याला झाडाखाली उभं करायची पद्धत. आजोबा वरून ओरडत, "आला!" आणि खाली आम्ही. नुसतं पकडून भागत नाही. हात फळाबरोबर थोडे खाली न्यायचे, त्याला कळू द्यायचं नाही की प्रवास संपला. हजारो चिकू झेलले असतील मी. लाखो म्हणा. तुम्ही कोटी म्हणालात तरी मी भांडणार नाही.

कुंपणापलीकडे त्या संघाचा म्हातारा शिक्षक उभा होता, डोनल नावाचा. गुराढोरांचा माणूस, चेहरा वाळलेल्या आल्यासारखा. त्याने माझ्याकडे पाहिलं, बॉलकडे पाहिलं. मग दुसरा बॉल उंच मारला. तोही मी उतरवून घेतला. मग तिसरा. शेवटी तो कुंपण ओलांडून आला आणि विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी काय करतोस?"

झालं. पुढची अकरा वर्षं माझी मंगळवारची संध्याकाळ त्या मैदानावर गेली. त्या खेळात आभाळातला बॉल उडी मारून, चार जणांच्या हातांवरून हिसकून घेणं ही सगळ्यात मानाची गोष्ट. तिथे मला 'चिकू' म्हणत. मी फळाचं वर्णन करून सांगितलं होतं, त्यांना ते बटाट्याचं एखादं गोड भावंड वाटलं. पण रविवारी दुपारी, तिरप्या पावसात, छत्र्या उलट्या झालेल्या बायका आणि पाइप ओढणारे म्हातारे टेकाडावर उभे राहून "चिकू! चिकू!" असा गजर करत, तेव्हा अंगावर काटा येई. वारा तर असा सुटे, की एकदा मी मारलेला बॉल परतच आला नाही. दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने तो आणून दिला, आणि तक्रार केली की त्याची एक मेंढी तो उबवत बसली होती.

ह्या खेळात कोणाला पगार नाही, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हसलो होतो. इतक्या बरगड्या फुकट मोडून घेता? पण तसंच आहे. ज्या गावात राहता त्या गावाकडून खेळायचं, आपल्याकडे गावदेव बदलता येत नाही तसं. रविवारी ज्याने तुम्हाला चिखलात गाडलं, तोच सोमवारी तुमच्या दारात दुधाची गाडी लावतो आणि विचारतो, खांदा कसा आहे? आणि खरंच काळजीने विचारतो. मैदानावरचा राग मैदानावरच्या चिखलाबरोबर धुऊन टाकायचा, ही तिथली रीत.

करिअर संपलं ते गुडघ्यामुळे. हार नाही, तुरा नाही, भाषण नाही. मी डोनलला सांगितलं की आता धावणं जमत नाही. त्याने मान हलवली आणि गवत कापायच्या यंत्राची किल्ली माझ्या हातात ठेवली. तिथे निवृत्त खेळाडूला गवताचा सांभाळ मिळतो. दोन उन्हाळे मी त्या मैदानाची दाढी केली, आणि खरं सांगतो, कापलेल्या ओल्या गवताचा तो वास आला की अजून छातीत काहीतरी उडी मारतं. मग इकडे वडील थकले, वाडी हाक मारायला लागली, आणि आम्ही दोघं परतलो. त्या संघाने निरोपाला एक बॉल दिला. तो मी हातातल्या बॅगेत घालून आणला, सोनं आणावं तसा.

आणि इथे कोणी विश्वास ठेवेना!

स्टेशनजवळ बाबूभाईंची पॅकिंगची शेड आहे. वाड्यांमधला चिकू तिथे येतो, मोठा-लहान निवडला जातो, खोक्यात भरून ट्रकने नाहीतर रेल्वेने पुढे जातो. पण माल जातो तो संध्याकाळी. तोवर शेड म्हणजे आमचं विधानभवन. उलटी ठेवलेली क्रेट ही बाकं, चहा हे कामकाज. बाबूभाईंचे आजोबा पलीकडून, गुजरातेतून आलेले. त्यांची जीभ अजून सीमेवरच उभी असते, एक पाय इकडे, एक तिकडे. त्या शेडमध्ये मी आयर्लंड सांगायचो. लोक ऐकायचे, हसायचे, आणि एकही अक्षर खरं मानायचे नाहीत. ह्याला थोडाफार मीच जबाबदार असेन. मेंढीची गोष्ट मी जरा लवकर सांगितली.

पुरावे दाखवले. बॉल दाखवला. "हा तर व्हॉलीबॉल," बाबूभाई म्हणाले. संघाचा फोटो दाखवला. त्या दिवशी पाऊस जरा जास्तच झाला होता. बाबूभाईंनी चष्मा पुसून फोटो निरखला. "पंधरा म्हशी आहेत. ह्यातली तुम्ही कोणती?" शेवटी प्रतिभाला साक्षीला बोलावलं. ती निवृत्तीनंतर आमच्या मालाची प्रतवारी स्वतः करते, रोज शेडमध्ये असते. "वहिनी, तुम्ही सांगा. हे खरंच खेळायचे?"

अकरा वर्षं जिने माझे चिखलाचे मोजे धुतले, ती बाई शांतपणे म्हणाली, "रविवारी माझी ड्यूटी असायची."

शेड हादरली. त्या हशात बाबूभाईंनी हात वर केला. "एक काम करो, नरेशभाई. गेम करून दाखवा. इथे, आपल्या शेतात. मला तो गेम वाटला, तर तुम्ही खेळाडू, कबूल. नाही वाटला, तर ह्यापुढे शेडमध्ये यायचं, माल द्यायचा, आणि तोंड उघडायचं ते चहापुरतं. गोष्ट नाही सांगायची. एक पण नाही."

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. पण माझ्यासारख्याला गोष्ट सांगू नको म्हणणं म्हणजे कोंबड्याला पहाटे गप्प बस म्हणण्यासारखं आहे. शिवाय अकरा वर्षांचा प्रश्न होता. मी हजार थापा मारल्या असतील, पण ही एक गोष्ट खरी होती, आणि नेमकी तीच माझ्या हातून निसटत होती. त्या रात्री... छे, रात्रीपर्यंत कुठे थांबलो, त्याच दुपारी मी रूपजीकडे गेलो.

रूपजी आमच्या वाडीतल्या चिकू काढणाऱ्यांचा मुकादम. पाड्यावर राहतो, थोडी भातशेती, बाकी वर्षभर वाड्यांमधलं काम. त्याच्या हाताखालच्या माणसांना आभाळातून पडणारी वस्तू झेलायला शिकवायची गरजच नव्हती. मी बॉल उंच मारला, आणि बारा जण असे उठले की मला डोनलची आठवण येऊन डोळे भरून आले. म्हाताऱ्याने ही माणसं पाहिली असती तर गुरं विकून घोलवडला राहायला आला असता. पळायचं कसं, आपटायचं कसं, चवड्यावर टाकून परत कसं घ्यायचं, हे आठ-दहा संध्याकाळींत जमलं. समोर खेळायला कोण, तर रूपजी म्हणाला, "तलासरीला माझा जावाय हाय. त्यांचा व्हॉलीबॉलचा संघ हाय. बोलावतो." सुनील आला, शिकला, आणि पाड्यावरची पोरं घेऊन तयारीला लागला.

मैदान म्हणजे भाताच्या तीन खाचरांची एक सलग पट्टी. मधले दोन बांध तसेच ठेवले, कारण बांध फोडून खेळण्याइतकं कुठलंच वेड आमच्याकडे मान्य नाही. उड्या मारा. गोलाचे खांब म्हणजे चिकू काढायच्या काठ्या. बाबूभाईंना मी मुद्दाम गोलपंच केलं. त्या खेळात गोलाशी उभा असणारा पंच पांढरा कोट घालतो; एक गुण झाला की पांढरं निशाण, गोल झाला की हिरवं. कोट प्रतिभाचा जुना. पांढरं निशाण म्हणजे टॉवेल, हिरवं म्हणजे रोपांवरच्या शेडनेटचा तुकडा. सकाळपासून दोन्ही गावची माणसं बांधावर येऊन बसली. कोणी मडक्यात कंद आणि वालपापडी भरून, मडकं उलटं पुरून, वर पाला पेटवून उंबाडियू लावलं. त्याचा धूर, दव, पेंढा, आणि मधूनच एखाद्या झाडाखाली पिकून फुटलेल्या चिकूचा गुळमट वास. असा दिवस आयर्लंडात मिळता तर लोकांनी राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली असती.

आणि मग सुरू झाला तो आग्रह.

कारण माझ्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. घोलवडच्या पाड्यावरच्या मुली तलासरीला दिलेल्या. तलासरीच्या मुली इकडे आलेल्या. मैदानावर एकूण तीस माणसं, आणि त्यांतला प्रत्येक जण समोरच्याचा कोणीतरी! मी ओरडावं, "अरे अडव त्याला!" तर उत्तर येई, "व्याही हायेत, दादा." "तो बॉल हिसकून घे!" "तो थोरला साडू, मान राखाया पायजे." एकाने चुकून दुसऱ्याला कोपर मारलं आणि लगेच वाकून त्याच्या पाया पडला, कारण तो बायकोचा मामा निघाला. पहिला अर्धा वेळ संपला तेव्हा एकही गुण झाला नव्हता, एकही माणूस पडला नव्हता, आणि सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून झाली होती. बाबूभाईंनी पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन्ही निशाणं घडी घालून ठेवली होती.

"नरेशभाई," ते म्हणाले, "उद्यापासून चहापुरतं हां."

मी बांधावर बसलो. केळीच्या पानावर कोणीतरी वाफाळतं उंबाडियू ठेवलं, ते माझ्या घशाखाली उतरेना. हे सांगतोय ते खोटं वाटेल, पण खरंच उतरेना. समोर माझी अकरा वर्षं कंदाबरोबर थंड होत होती. प्रतिभा शेजारी बसली होती, वालाची शेंग सोलत.

"अहो," ती म्हणाली, "कोणी कोणाला अडवायचं हे तुम्ही ठरवलंत ना?"

"मग कोण ठरवणार? उंचीला उंची, वेगाला वेग. असंच असतं."

"तिथे असतं. इथे नाती विचारा." आणि तिने मागे वळून हाक मारली, "अगो रूपजीच्या बायको, इकडे ये. सुनीलला मेहुणा कोण?"

रूपजीची बायको तोंडाला पदर लावून हसली. "आमचा पोरगा, किसन की!"

आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाइट नव्हे, हायवेवरचा दिवा पेटला. मेहुणा! जावयाला सासरा धक्का मारणार नाही, पण मेहुण्याला कोणी रोखलंय? ज्याने आपली बहीण नेली त्याची थट्टा करायची, खोडी काढायची, चपला लपवायच्या, ह्याला तर आपल्याकडे पूर्वापार परवाना आहे. मग काय, बांधावरच्या बायकांनी कारभार हातात घेतला. दोन्ही गावच्या. "तो त्याचा धाकटा साडू, चालंल." "हा नको, ह्याच्यापुढं तो बोलत पण नाय." "ह्या दोघांना लावा समोरासमोर, लग्नात मटणावरून भांडलेत!" पाच मिनिटांत अख्खा संघ नात्यागोत्याने नव्याने लागला. रूपजीला पार दुसऱ्या टोकाला, एका बिननात्याच्या माणसासमोर उभा केला. तसा एकच सापडला. आणि सुनीलच्या समोर किसन.

तिथे बसल्या बसल्या मला जे उमगलं ते आयर्लंडात अकरा वर्षांत उमगलं नव्हतं. ज्यांना जन्मभर एकाच गावात, एकमेकांच्या सुखदुःखात राहायचंय, त्यांना कधीतरी एकमेकांना मनसोक्त ढकलायची सोय लागते. नाहीतर साठतं. तिकडच्या लोकांनी त्यासाठी फुटबॉल काढला. आपण मेहुणे काढले.

दुसरा अर्धा वेळ सुरू झाला आणि पहिल्याच बॉलला किसनचा खांदा सुनीलच्या खांद्यावर असा बसला, की ताडांवरची मडकी हिंदकळली. लग्नात म्हणे कानपिळी घाईघाईत उरकली होती. ती किसनने तिथे सावकाश पूर्ण केली. सुनील उठला, अंगावरचा पेंढा झटकला, आणि हसला. ते हसू मी ओळखतो. चिखलात पाडलेला आयरिश माणूस असाच हसतो. पुढच्या बॉलला किसन बांधापलीकडे वालाच्या ताटव्यात.

मग जे झालं त्याला धुमाळी हा शब्द तोकडा आहे. धूळ उडाली, धसकटं मोडली, साडूंनी साडूंना लोळवलं. मटणाचं भांडण तीनदा मिटलं आणि चारदा उकरलं गेलं. चिकू झेलणारे हात आभाळात उठत होते, तलासरीची पोरं बांधांवरून हरणासारखी उडत होती, बायका दोन्हीकडच्यांना ओरडून सल्ले देत होत्या, कारण एकीकडे भाऊ आणि दुसरीकडे नवरा. बाबूभाई? बाबूभाईंनी पहिलं पांढरं निशाण उंचावलं तेव्हा जरा संकोचाने. दुसरं जोरात. पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी शेडनेट असं फिरवलं, की मागच्या दोघांच्या टोप्या उडाल्या. कोटाची बाही खांद्यातून सुटली. "अरे मार ने! मार ने एने!" बाबूभाई ओरडत होते, आणि कोणाच्या बाजूने ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवट जवळ आला. तलासरीवाले एका गुणाने पुढे. तेवढ्यात आमच्या गोलाजवळचा एक जण, बांधावरून बायकोने "बकरी सुटली!" अशी हाळी दिल्याबरोबर, खेळ सोडून पळाला. संघात बदली माणूस उरला नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"दादा, या," रूपजी म्हणाला.

मी पॅन्ट दुमडली. चपला काढल्या. तिथली जमीन पायाला लागली, धसकटं टोचली, ओलावा वर चढला, आणि मला बावन्न वर्षांचा माणूस कुठे गेला तेच कळेना. त्याच क्षणी सुनीलने बॉल मारला. उंच, आणखी उंच, सूर्यात शिरला आणि आमच्या दांडीखाली उतरायला लागला. आत गेला असता तर अब्रूचं खोबरं. खाली सुनील धावत येतोय, त्याच्या मागे किसन, त्यांच्या मागे साडूंची रांग.

मी उडालो. शेत खाली गेलं, बांध खाली गेले. ताडाच्या शेंड्यावरच्या मडक्यात नीरा किती साठलीय ते दिसलं. एकीकडे आशागडचा रस्ता, त्याच्यापलीकडे महालक्ष्मीचा डोंगर, दुसरीकडे वरोरच्या होड्या. अजून आपण का वळलो ह्याचा विचार करत उभ्या होत्या. घोलवडच्या स्टेशनात मालगाडी थांबली होती, तिच्या गार्डने मला हात केला, मी मान हलवली, हात रिकामे नव्हते. बॉल ओंजळीत आला. हात त्याच्याबरोबर थोडे खाली नेले. मग मेहुणे येऊन आदळले, सगळे, दोन्ही गावचे, आणि त्या ढिगाऱ्याच्या तळाशी, पेंढ्याच्या वासात, कोणाचातरी गुडघा पोटात घेऊन मी पडलो होतो. बॉल छातीशी होता. आणि मी इतका हसत होतो की ढिगारा हलत होता.

हरलो आम्ही, एका गुणाने. रूपजी म्हणाला, बरं झालं, पोरी तिथं नांदतायत. आग्रह पुन्हा सुरू झाला, ह्या वेळी खराखुरा, पानावरचा. किसनने सुनीलच्या खांद्याला तेल चोळून दिलं.

बाबूभाई आले. घसा बसलेला, कोटाला एकच बाही. माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. "गेम आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि तुम्ही खेळाडू. असा बॉल पकडणारा शिकून येतो, थाप मारून नाही. उद्या शेडमध्ये बोला. जेवढं पाहिजे तेवढं."

तर मी बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या क्रेटवर उभा राहून बोललो. खोकी भरणारे थांबले, ट्रकचा ड्रायव्हर इंजिन बंद करून आत आला. अकरा वर्षं सांगितली, डोनल सांगितला, आणि मग ती उडी सांगितली. सकाळपर्यंत ती जरा वाढली होती, त्यात आता दमणचा किनाराही दिसत होता. गार्डशी बोलणंही झालं होतं. बाबूभाई डोळे मिटून, एकेक शब्द पटल्यासारखी मान डोलावत होते. असा दरबार मला जन्मात मिळाला नव्हता.

"आणि विश्वास नसेल," मी म्हणालो, "तर ही समोर बसली आहे, काल हिची ड्यूटी नव्हती. सांग गं प्रतिभा, किती उंच उडालो होतो मी?"

प्रतिभाने हातातला चिकू फिरवून पाहिला आणि मोठ्यांच्या खोक्यात ठेवला.

"उडालात कुठे? बॉल खाली आला."